तलवारबाज भवानी देवी : एका कुटुंबाची दीर्घ मुदतीची ठेव

बँकेतील नोकरीच्या काळात काही वर्षे माझ्याकडे सोनेतारण कर्जाचे काम होते. समोर बसलेली गृहिणी हातातील पाटल्या किंवा गळ्यातील हार काढून ठेवी, बँकेने नेमलेले सराफ तो दागिना कसोटीवर घासून पाहत, वजन करीत आणि मग मी अर्ज भरून घेत असे. त्या अर्जात एक रकाना असतो : कर्जाचे प्रयोजन. पेरणी, दुकानातील माल, रुग्णालयाचे बिल, मुलाची फी, मुलीचे लग्न, यांपलीकडचे प्रयोजन मी क्वचितच लिहिले असेल. ‘मुलीच्या खेळासाठी’ हे शब्द तर माझ्या हातून एकदाही लिहिले गेले नाहीत.

म्हणूनच चेन्नईतील एका मातेने आपल्या मुलीच्या तलवारबाजीसाठी दागिने गहाण ठेवल्याचे वाचनात आले, तेव्हा माझ्यातील जुना बँक अधिकारी जागा झाला. ही मुलगी म्हणजे सी. ए. भवानी देवी, ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेली पहिली भारतीय खेळाडू. नाव भवानी आणि हाती तलवार! मराठी माणसाच्या मनात या दोन शब्दांनी जे तरंग उठतात, ते वेगळे सांगावयास नकोत. परंतु या लेखाचा हेतू केवळ एका विजेत्या खेळाडूचा गौरव करणे हा नाही. तिच्या यशाचा ताळेबंद मांडावा आणि त्यातील काही नोंदी आपल्या व्यापारी कुटुंबांनी वाचाव्यात, एवढीच इच्छा आहे.

उरलेली एक जागा

भवानी देवीचा जन्म 27 ऑगस्ट 1993 रोजी चेन्नई येथे झाला. वडील मंदिरात पुजारी, आई रमणी गृहिणी, आणि पाच भावंडांत ही सर्वांत धाकटी. घर सुसंस्कृत, पण पुजाऱ्याच्या उत्पन्नात पाच मुलांचे शिक्षण म्हणजे किती ओढाताण, हे वाचकांना समजू शकेल.

2004 मध्ये तिच्या शाळेत विद्यार्थिनींना खेळ निवडण्याची संधी मिळाली. भवानीची पाळी येईपर्यंत इतर खेळांच्या जागा भरून गेल्या होत्या. शिल्लक होती ती तलवारबाजी. हा खेळ काय असतो, हे तिला किंवा तिच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे ज्या खेळाने पुढे तिचे आयुष्य घडविले, तो तिने निवडला नव्हता. तो तिच्या वाट्याला आला होता. वाट्याला आलेल्या गोष्टीचे सोने करणे हे व्यापारी माणसाला तरी नवे नाही.

प्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी वडिलांचे वार्षिक उत्पन्न विचारले. हा खेळ महाग आहे, गरिबाच्या मुलीला झेपणार नाही, असे ठरू नये म्हणून त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने उत्पन्न वाढवून सांगितले. ही गोष्ट तिने स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. माझ्या नोकरीत मी उत्पन्न कमी दाखविणारे पुष्कळ पाहिले. कोणी कर वाचविण्यासाठी, कोणी सवलत मिळविण्यासाठी. शिकण्याची संधी हुकू नये म्हणून उत्पन्न जास्त सांगणारी ही मुलगी मात्र विरळाच. सत्य अणुव्रताच्या दृष्टीने पाहता ते असत्यच होते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तथापि, एखाद्या लहान मुलीला शिकण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा त्या दोषाचा काही भाग आपणा मोठ्यांच्या खात्यावरही नावे पडतो, असे मला वाटते.

पुढचा काळ कष्टाचा होता. पहाटे उठून मैदानावर सराव, मग शाळा, मग पुन्हा सराव. तलवारी महाग आणि मोजक्या. त्या मोडू नयेत म्हणून स्पर्धेपुरत्या राखून ठेवल्या जात. रोजचा सराव बांबूच्या काठ्यांनी चाले.

तलवार आणि अहिंसा

आपल्या घरांत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्यांनी तलवारीच्या खेळाचे कौतुक का करावे? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे थांबून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

तलवारबाजीचे तीन प्रकार आहेत : फॉइल, इपी आणि सेबर. पहिल्या दोन्हींत पात्याच्या टोकाने स्पर्श करावयाचा असतो. भवानी खेळते त्या सेबरमध्ये टोकाबरोबर पात्याच्या कडेचा स्पर्शही चालतो, आणि कमरेच्या वरचा भाग, मस्तक व बाहू यांसह, लक्ष्य मानला जातो. पात्याला धार नसते. खेळाडूच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आणि अंगात जाड संरक्षक पोशाख असतो. त्यावर धातूच्या धाग्यांनी विणलेले जाकीट घातलेले असते. त्यातून सौम्य विद्युत्प्रवाह जातो. पाते जाकिटाला लागले की दिवा लागतो : एकीचा लाल, दुसरीचा हिरवा. चौदा मीटर लांबीच्या एका अरुंद पट्ट्यावर हा सारा व्यवहार चालतो आणि बाद फेरीत पंधरा गुण आधी मिळविणारी जिंकते.

सेबरमध्ये केवळ दिवा लागून भागत नाही. दोघींचे दिवे एकाच वेळी लागले, तर चढाईचा अधिकार कोणाचा होता हे पंच ठरवितात. ज्या खेळाडूने आधी योग्य रीतीने चढाई सुरू केली, तिला गुण. समोरच्या खेळाडूने ती चढाई आधी अडवावी, मग उलट वार करावा. म्हणजे येथे नुसता वार करून चालत नाही. वार करण्याचा हक्क आधी कमवावा लागतो. क्षणार्धात निर्णय घ्यायचा, पण उतावीळ व्हायचे नाही. राग आला की चाल चुकते, आणि चाल चुकली की गुण जातो.

आपल्या शास्त्रांनी हिंसेचे मूळ प्रमादात आणि कषायात सांगितले आहे; संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाला अनिवार्य मानला आहे. येथे इजा करण्याचा संकल्प नाही. लढतीच्या आरंभी आणि अखेरीस प्रतिस्पर्ध्याला सलामी द्यावी लागते. तो केवळ शिष्टाचार नसून नियम आहे. क्रोधावर ताबा आणि समोरच्याचा आदर ज्या खेळात नियमानेच बांधला आहे, त्या खेळाकडे आपण संयमाची एक शाळा म्हणून पाहू शकतो. माझे मत असे आहे. वाचकांचे वेगळे असू शकेल.

हा खेळ 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळला गेला आहे. स्त्रियांना मात्र 1924 पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तीही फक्त फॉइल प्रकारात. इपीचे दार 1996 मध्ये आणि सेबरचे थेट 2004 मध्ये उघडले. योगायोग असा की ज्या वर्षी अथेन्समध्ये स्त्रियांनी प्रथमच ऑलिंपिक सेबर खेळले, त्याच वर्षी चेन्नईतील ही शाळकरी मुलगी बांबूची काठी हाती घेत होती.

तीन मिनिटांची किंमत

वयाच्या चौदाव्या वर्षी ती पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तुर्कस्तानला गेली. तेथे लढतीसाठी पोहोचण्यास तिला तीन मिनिटे उशीर झाला आणि पंचांनी काळे कार्ड दाखविले. या खेळात काळे कार्ड म्हणजे स्पर्धेतून हकालपट्टी. घरच्यांनी पै पै जमवून पाठविलेली मुलगी एकही वार न करता परतली. हुंडीची मुदत एका दिवसाने चुकली तरी पत कशी जाते, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या तीन मिनिटांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. महत्त्वाचे हे, की घरच्यांनी त्या बुडीत खर्चाकडे पाहून खाते बंद केले नाही.

दहावीनंतर ती केरळातील तलश्शेरी येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात दाखल झाली. तेथे प्रशिक्षक सागर लागू यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा खेळ बांधला गेला. 2009 मध्ये मलेशियातील राष्ट्रकुल तलवारबाजी स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. 2014 मध्ये फिलिपिन्स येथे 23 वर्षांखालील आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकले. ही कामगिरी करणारी ती पहिली भारतीय.

पण पदक मिळाले म्हणजे पैसा मिळाला असे नव्हे. क्रिकेटसारखे प्रायोजक या खेळाला नाहीत. पाती तुटतात, पोशाख झिजतात, आणि दर्जेदार स्पर्धा बहुतेक युरोपात असल्यामुळे विमानभाड्याचाच खर्च मोठा. आईचे दागिने तारण गेले ते याच प्रवासात. कर्ज काढले गेले, ओळखीच्यांपुढे हात पसरले गेले. हा खेळ सोडून द्यावा, असे विचार तिच्या मनात येत; अशा वेळी धीर दिला तो आईने. 2015 मध्ये गोस्पोर्ट्स फाउंडेशनने राहुल द्रविड यांच्या नावाच्या मार्गदर्शन योजनेत तिची निवड केली, तमिळनाडू शासनाचेही साहाय्य मिळाले, आणि मग कोठे श्वास घेण्यास उसंत मिळाली.

2016 च्या रिओ ऑलिंपिकची संधी थोडक्यात हुकली. त्याच सुमारास ती इटलीतील लिव्होर्नो या बंदराच्या गावी निकोला झानोत्ती यांच्याकडे शिकू लागली. 2004 च्या ऑलिंपिकमध्ये सेबरचे सुवर्ण जिंकणारा आल्दो मोंतानो याच गावचा. घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाषा परकी, आहार वेगळा, आणि सरावाला समोर सर्व खेळाडू आपल्यापेक्षा सरस. अशा ठिकाणी रोज हरायला जाण्यासाठी जे मनोबल लागते, ते विजयाच्या छायाचित्रात दिसत नाही.

2017 मध्ये आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सॅटेलाइट स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिने ब्रिटनच्या सारा जेन हॅम्पसनला 15-13 असे हरविले आणि सुवर्णपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय तलवारबाजीत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. पुढच्या वर्षी कॅनबेरा येथील राष्ट्रकुल तलवारबाजी स्पर्धेतही सुवर्ण मिळाले.

येथे जरा हिशेब करू. बांबूची काठी हाती घेतली 2004 मध्ये. सुवर्ण आले 2017 मध्ये. मोठ्या प्रकल्पाला कर्ज देताना बँक हप्ते सुरू होण्यापूर्वी काही काळ सवलत देते. कारखाना उभा राहायला, माल बाजारात जायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक असते. दोन वर्षांची सवलत मागितली तरी आमचे वरिष्ठ कपाळाला आठ्या घालीत. या कुटुंबाने आपल्या मुलीला तेरा वर्षांची सवलत दिली, आणि तीही कोणत्याही हमीवाचून.

एक विजय, एक पराजय

2019 मध्ये वडिलांचे छत्र हरपले. मग महामारी आली. टाळेबंदीत सरावाला जोडीदार नाही, तेव्हा तिने चेन्नईच्या घरीच विटा आणि खेळाच्या पिशव्या रचून प्रतिस्पर्ध्याचा पुतळा उभा केला आणि त्याच्यासमोर सराव चालू ठेवला. मार्च 2021 मध्ये जागतिक क्रमवारीच्या आधारे आशिया-ओशनिया विभागातून तिचा टोकियो ऑलिंपिकमधील प्रवेश निश्चित झाला. भारतीय तलवारबाजी संघटनेची स्थापना 1974 ची. तेव्हापासून जे कोणाला साधले नव्हते, ते साधले.

26 जुलै 2021. पहिल्या लढतीत ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला तिने 15-3 असे नमविले. ऑलिंपिक तलवारबाजीत भारताने जिंकलेली ही पहिली लढत. दुसऱ्या लढतीत समोर होती फ्रान्सची मानों ब्रुने, जागतिक क्रमवारीत तिसरी. भवानी 7-15 अशी हरली. याच ब्रुनेने त्या स्पर्धेत वैयक्तिक कांस्यपदक मिळविले आणि 2024 मध्ये पॅरिसला ती ऑलिंपिक विजेती झाली. म्हणजे पराभव कोणाकडून झाला, हेही हिशेबात धरले पाहिजे.

त्या संध्याकाळी भवानीने समाजमाध्यमावर आपल्या प्रयत्नांविषयी लिहिले आणि जिंकू शकले नाही याबद्दल देशवासीयांची क्षमा मागितली. पंतप्रधानांपासून सामान्य नागरिकांपर्यंत अनेकांनी तिला धीर दिला. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

कथा येथे संपत नाही. जून 2023 मध्ये चीनमधील वूशी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत तिची गाठ जपानच्या मिसाकी एमुराशी पडली. एमुरा तेव्हाची विश्वविजेती. तिच्याविरुद्ध भवानी त्याआधी कधीही जिंकली नव्हती. त्या दिवशी मात्र गुणफलक होता 15-10, आणि तो भवानीच्या बाजूने. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या झैनब दाइबेकोव्हाकडून ती 14-15 अशी, केवळ एका स्पर्शाने, हरली. कांस्यपदक मिळाले, या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

त्यानंतरच्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीत हरली, आणि पॅरिस ऑलिंपिकसाठी तिची निवड होऊ शकली नाही. हेही लिहिले पाहिजे. केवळ जमेची बाजू दाखविणारा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

खर्च की भांडवल?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात एक भेद शिकवितात : महसुली खर्च आणि भांडवली खर्च. दुकानाचे भाडे, दिव्याचे बिल हा महसुली खर्च. तो त्या वर्षी नफ्यातून वजा होतो आणि संपतो. यंत्र, इमारत हा भांडवली खर्च. तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभा राहतो आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. आपल्या घरांत मुलाच्या दुकानात घातलेला पैसा आपण भांडवल समजतो. मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवतो. मुलीच्या खेळावर किंवा कलेवर झालेला व्यय मात्र ‘हौस’ या सदराखाली महसुली खर्चात टाकतो, आणि वर्ष थोडे अडचणीचे गेले की सर्वप्रथम तोच कमी करतो.

रमणीबाईंनी हा भेद कोणत्याही महाविद्यालयात न शिकता जाणला होता. तिजोरीत पडून राहणारे सोने त्यांनी मुलीच्या हातातील पोलादाच्या स्वाधीन केले. त्याचा परतावा फक्त पदकांत मोजू नये. तिच्याआधी एकाही भारतीय तलवारबाजाला ऑलिंपिकचे दार उघडता आले नव्हते. आता ते उघडे आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही छत्रपती संभाजीनगर येथील क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात हा खेळ शिकविला जातो. तेथे मुखवटा चढविणाऱ्या प्रत्येक मुलीसमोर आज एक उदाहरण आहे. ही मालमत्ता कोणत्या रकान्यात लिहावी?

हे सारे मी तटस्थपणे लिहितो आहे, असे मात्र कोणी समजू नये. माझी कन्या आठवीत असताना टेबल टेनिसच्या जिल्हा संघात निवडली गेली होती. राज्य पातळीच्या शिबिरासाठी तीन आठवडे परगावी जावे लागणार होते. खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा नव्हता. दागिने गहाण ठेवण्याची तर मुळीच गरज नव्हती. मी म्हणालो, “दहावीनंतर पाहू.” दहावी झाली, बारावी झाली, त्यानंतर कोणीच पाहिले नाही. तिने हट्ट केला नाही, आणि तिच्या त्या न बोलण्याला मी समजूतदारपणा म्हणत राहिलो. आज ती आपल्या व्यवसायात उत्तम स्थिरावली आहे. पण शिबिराचे ते पत्र तिने पुष्कळ वर्षे वहीत जपून ठेवले होते, हे मला तिच्या लग्नाच्या वेळी सामान आवरताना कळले.

पर्युषणाच्या अखेरीस आपण लहानथोर सर्वांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. पुष्कळदा ते सवयीने म्हटले जाते. टोकियोहून क्षमा मागणाऱ्या त्या खेळाडूविषयी वाचल्यानंतर आलेल्या संवत्सरीला मी कन्येला दूरध्वनी केला आणि नुसते तेवढे शब्द न म्हणता कशाबद्दल क्षमा मागतो आहे, तेही सांगितले. ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, “पप्पा, धाकटीला स्केटिंगच्या वर्गाला घालायचे की नाही, हेच आम्ही काल बोलत होतो. घालतेच आता.”

भवानी देवीने कोणाचा काही अपराध केला नव्हता, तरी तिने क्षमा मागितली. आपल्या घरांतील ज्या मुलींनी काही मागितले आणि ज्यांना आपण ‘पुढे पाहू’ असे सांगितले, त्यांच्याकडे क्षमा मागण्याची पाळी खरे तर आपली आहे. आणि ज्या अजून लहान आहेत, त्यांच्याबाबतीत तर क्षमा मागण्याची वेळच येऊ नये, याची तजवीज आजच करता येईल. या दीपावलीला वहीपूजन करून नवी पाने उघडताना, भांडवली खात्यात एक नोंद घरातील मुलीच्या नावे अवश्य असावी.

जय जिनेंद्र.